विकायचा नाही

मधाच्या खोलीत वरच्या फळीवर, जाळीच्या टोपीमागे एक बरणी असायला हवी होती, आणि ती नव्हती.

मधवाल्याने टोपी उचलून पाहिली. स्टुलावर चढून फळीच्या कोपऱ्यापर्यंत हात घातला. हाताला धूळ लागली, मेणाचा एक वाळका तुकडा लागला, बरणी काही लागली नाही. तो खाली उतरला, जरा थांबला आणि पुन्हा चढून त्याच जागी शोधू लागला. हरवलेली वस्तू माणूस एकाच ठिकाणी चारदा का शोधतो कोण जाणे, पण शोधतो खरा. चौथ्या खेपेला तो स्टुलावरच बसून राहिला.

त्या बरणीत मध होता. आणि मधात उंदीर मारायची पूड होती.

एवढंच सांगितलं तर माणूस भयंकर वाटेल. तसा तो नव्हता. हट्टी होता, तोंडाने फाटका होता, पण भयंकर नव्हता. कारखान्यातली नोकरी संपल्यावर त्याने परसातल्या भिंतीलगत मधमाश्यांच्या चार पेट्या मांडल्या, तेव्हापासून आळीत त्याला सगळे मधवाला म्हणत. त्याच परसात बायकोचं खुराडं होतं, त्यात बारा कोंबड्या, म्हणून ती कोंबडीवाली. "माश्यांना राणी एकच लागते, आमच्या परसात एक जास्तीची आहे," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. बायको ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि रात्रीच्या भाजीत मीठ कमी घालायची. दर गुरुवारी तो स्कूटरच्या मागे पेटारा बांधून बाजारात जायचा आणि मध आणि अंडी विकून संध्याकाळी परत यायचा.

गेला महिनाभर खुराड्यात उंदरांनी उच्छाद मांडला होता. अंडी पळवत होते, एक पिल्लू अर्धं खाऊन टाकून दिलं होतं. पिंजरा लावून झाला, भोकं बुजवून झाली. उंदीर मात्र दिवसेंदिवस गुटगुटीत. मधवाल्याला उपाय ठाऊक होता, पण तो करायची सोय नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्याने अशीच पूड आणली होती. पावाचा एक तुकडा खुराड्यात घरंगळला आणि बायकोची लाडकी ठिपकी कोंबडी दोन दिवसांत मेली. चोचीतून रक्त यायचं. बायकोने तिला मांडीवर घेऊन तेव्हाच सांगितलं होतं, "पुन्हा या घरात विष आलं, तर एक तर ते राहील, नाही तर मी."

म्हणून या वेळी त्याने गुपचूप आणलं. घट्ट, काळपट मधात पूड कालवली. मधाचा वास लागला की उंदीर फिरकल्यावाचून राहत नाही. माश्या पेट्यांत परतल्या की पावाच्या तुकड्यांना तो मध फासायचा, ते तुकडे कोंबड्यांची चोच पोचणार नाही अशा बिळांत सारायचे, आणि सकाळी माश्या बाहेर पडायच्या आत उचलून आणायचे. सगळं कसं चोख. फक्त बरणी ठेवायची कुठं, हा प्रश्न होता. कारण बाजाराचा पेटारा बायको भरायची, आणि तिच्या हाताने ती बरणी पेटाऱ्यात गेली तर?

इथं त्याने डोकं चालवलं. त्यांच्या घरात एक रीत होती. दर पेटीचा पहिला, सगळ्यांत दाट मध बाजूला काढायचा. त्या बरणीच्या झाकणावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, आणि त्यावर मधवाल्याने सुतारी पेन्सिलीने लिहायचं, ‘विकायचा नाही’. पट्टीवाली बरणी पेटाऱ्यात जात नसे, गिऱ्हाइकाने पायाशी लोळण घेतली तरी जात नसे. म्हणून त्याने विषाच्या बरणीवरही पट्टी लावली आणि लिहिलं, विकायचा नाही. बरणी टोपीमागे ठेवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहा प्यायला.

आता सांगा. विकायचा नाही म्हणजे कुणी खायचा नाही, असं त्याच्या डोक्यात. आणि त्या घरात इतकी वर्षं विकायचा नाही याचा अर्थ एकच होता, की हा आपल्या माणसांचा.

तो स्टुलावरून उठला. स्वयंपाकघरात बायको ओल्या फडक्याने अंडी पुसत होती.

"अगं, टोपीमागची बरणी कुठंय?"

"कुठली?"

"पट्टीवाली."

तिचा हात थांबला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तिने अंडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि भांडायला उभी राहिल्यासारखी उभी राहिली.

"दिली. आता ओरडायचं असेल तर ओरडा. बारकीला दिली."

बारकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती म्हणून बारकी. आता बापाच्या खांद्याच्या वर गेली तरी बारकीच. दोन वर्षांपूर्वी तिने घरांना रंग देणाऱ्या एका रंगाऱ्याशी लग्न केलं, आणि मधवाला दारात उभा राहून म्हणाला, "गेलीस तर परत यायचं नाही." उचलली जीभ, लावली टाळ्याला. तीही बापाचीच लेक, ती गेली. तेव्हापासून बापलेकीत शब्द नव्हता. बारकी आईला भेटायला गुरुवारी यायची, बाप बाजारात असताना. मधवाल्याला हे कळत नव्हतं असं नाही. गुरुवारी संध्याकाळी पालथ्या घातलेल्या कपबशा दोनऐवजी तीन असत. तो त्या बघायचा आणि मूग गिळून बसायचा. कधी कधी बाजार लवकर आटोपला तरी तास तास उगाच तिथेच रेंगाळायचा.

"काल आली होती," बायको सांगत होती. "पंधरा दिवस खोकतेय पोर. शिवणाच्या कारखान्यात कापडाची लव उडते, ती सगळी छातीत. म्हटलं, आपल्या घरी दाट मध आहे आणि आपलीच लेक खोकतेय, हे कुठलं शहाणपण? थोडा कमी दिसला, म्हटलं तुम्हीच चाखला असेल. तुम्हीच लिहिलंय ना, विकायचा नाही? मी कुठं विकला? दिला."

मधवाल्याने दाराची चौकट धरली.

"आणि एक सांगूनच टाकते," बायको म्हणाली. तिला वाटलं, आपल्या देण्यावर तो चिडलाय, म्हणून ती जास्तच जोरात बोलू लागली. "मी तिला सांगितलं, तुझ्या बाबांनी खास तुझ्यासाठी राखून ठेवलाय. खोटं बोलले. बोलले तर बोलले! दोन वर्षं तुम्ही तोंडाला कुलूप घालून बसलात, मग तुमच्या वतीने कुणीतरी दोन शब्द बोलायला नकोत? डोळ्यांत पाणी आलं हो तिच्या. बरणी पोटाशी धरून गेली."

याच वेळी त्याने सांगायला हवं होतं. एक शब्द होता फक्त. पण तो शब्द उच्चारला की ठिपकी कोंबडी आली, बायकोने दिलेली ताकीद आली, गुपचूप आणलेली पूड आली. भित्रा माणूस संकटातही आधी स्वतःची अब्रू झाकतो, आणि मधवाला त्या घटकेला पुरता भित्रा झाला होता. "बरं, बरं," एवढंच म्हणून तो फोन घेऊन परसात गेला.

बारकीचा फोन बंद. कारखान्यात कामाच्या वेळी फोन काढून ठेवायला लावत, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, आपलं नाव बघूनच तिने बंद केला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. रंगाऱ्याचा नंबर त्याने कधी घेतलाच नव्हता. घड्याळात साडेबारा. कारखाना तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, एकच्या सुट्टीत बारकी घरी जेवायला येते, हे मात्र बायकोच्या बडबडीतून त्याच्या कानावर पडलेलं होतं. म्हणजे अर्धा तास. काल रात्री तिने खाल्ला नसेल कशावरून? खाल्ला असेल तर? हातातल्या फोनवर घामाचे ठसे उठले.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बारकीच्या घरमालकिणीचा नंबर बायकोने लिहून ठेवला होता. तो बघून त्याने तिथेच उभ्या उभ्या लावला. पलीकडे मोठ्याने टीव्ही चालू होता.

"बाई, तुमच्याकडे वरच्या खोलीत रंगारी राहतो ना, त्याच्या बायकोचा बाप बोलतोय."

"अगंबाई! म्हणजे बाप आहे होय तिला?"

एरवी त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. आज त्याने ते गिळलं. बायको दोन हातांच्या अंतरावर उभी, कान देऊन. विष हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला आणि तिला बघून मागे फिरला. आणि मग त्याने तो शब्द वापरला, जो आपण सगळेच वापरतो, जो दुकानदार वापरतो, जो मागतानाही कुणाला लाज वाटत नाही.

"निरोप द्यायचाय. तातडीचा. तिच्याकडे कालची मधाची बरणी आहे, त्या मधात औषध घातलंय. तिला सांगा. जेवायच्या आधी सांगा, विसरू नका."

"मधात औषध. जेवायच्या आधी. सांगते हो, काळजी करू नका. आली की जिन्यातच सांगते."

फोन ठेवला आणि मधवाल्याच्या जिवात जीव आला. भिंतीला टेकून त्याने डोळे मिटले. झालं. ती बरणी टाकून देईल. बायकोला कळायचं कारण नाही. उद्या उरलेल्या पुडीचं पाकीट नाल्यात फेकायचं, आणि उंदरांनी खुराडं डोक्यावर घेतलं तरी चालेल.

"अहो," बायको म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ त्याने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. "तुम्हाला माहीत होतं? तिच्या खोकल्याचं? आणि मधात औषध घालून ठेवलं होतंत तिच्यासाठी? मला सांगायचं नाही का? मी उगाच तोंड सोडलं तुमच्यावर."

मधवाल्याने डोळे उघडले. बायको हसत होती. डोळे भरून आले होते आणि हसत होती.

त्या हसण्याकडे बघता बघता त्याला उमगलं. घरातली बाई, तीस वर्षं त्याच्यासोबत राहिलेली, शेजारी उभी राहून एक एक शब्द ऐकत होती आणि तिने हे समजून घेतलं. मग टीव्ही लावून बसलेली ती घरमालकीण काय समजली असेल? जेवायच्या आधी. मधात औषध. जेवायच्या आधी.

"खोकल्याचं नाही," तो म्हणाला.

"मग कसलं?"

"उंदराचं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या तोंडावरचं हसू लगेच गेलंही नाही. ते तसंच अडकून राहिलं आणि त्याच्या मागचा चेहरा पांढरा होत गेला.

"किती घातलंत?"

"अर्धं पाकीट."

"आणि उरलेलं पाकीट?"

"माश्यांना धूर द्यायच्या डब्यात."

ती धावत मधाच्या खोलीत गेली, डबा उपडा केला आणि राखेने माखलेलं पाकीट घेऊन आली. "डॉक्टर विचारतील काय होतं ते," म्हणाली. एवढी अक्कल तिला त्या क्षणी सुचली, म्हणून पुढचं सगळं निभावलं. मधवाल्याला तर स्कूटरची किल्ली खिशातच असून सापडत नव्हती. तिने त्याच्या खिशात हात घालून काढून दिली.

निघण्याआधी त्याने पुन्हा फोन लावला. घरमालकिणीचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. ती जिन्यात गेली असणार. तिने तसं वचनच दिलं होतं.

वीस मिनिटांचा रस्ता. मागे पेटारा तसाच बांधलेला, म्हणून बायको पुढे सरकून त्याच्या पाठीला चिकटून बसलेली. तिच्या छातीची धडधड त्याला पाठीत जाणवत होती. आळीच्या तोंडाशी चांभार ओरडला, "मधवाले, जोडीनं कुठं? एक पट्टीवाली ठेवा आमच्यासाठी, सारखं विकायचा नाही, विकायचा नाही!" आणि स्वतःच्या विनोदावर हसला. मधवाल्याने मान न वळवता स्कूटर दामटली.

पुढे अरुंद रस्त्यावर एक ट्रक फरश्या उतरवत आडवा उभा होता. एक एक फरशी, जपून, फडक्यात धरून. मधवाल्याने हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. "काय काका, मरायचंय का?" ट्रकवाला म्हणाला. बायको स्कूटरवरून उतरली आणि हात जोडून नुसती उभी राहिली. तिच्या तोंडाकडे बघून त्या माणसाने फरश्या टाकल्या आणि ट्रक मागे घेतला.

एव्हाना एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मधवाला मनातल्या मनात बोलत होता. पोरी, आजचा दिवस माझ्यावर रागाव. बापाचं नाव काढलं की तुझं डोकं फिरतं ना? फिरू दे. बरणी भिंतीवर आपट. दोन वर्षं तो वाट बघत होता की लेकीचा राग जावा. आज तो राग टिकून असावा म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

घरमालकीण पायरीवरच बसली होती. दोघांना बघून उठली, तोंडभर हसली. "आलात? बरं झालं! दिला हो तुमचा निरोप. शब्दाला शब्द."

खरंच होतं. ध चा मा झाला नव्हता. शब्द जसाच्या तसा पोचला होता, आणि त्यानेच घात केला होता.

तो जिना कसा चढला हे त्याला नंतर आठवेना. वरची खोली एकच, स्वच्छ. एका भिंतीवर रंगाऱ्याने वेगवेगळ्या रंगांचे पट्टे ओढून बघितले होते, फिक्या निळ्यापासून गडद हिरव्यापर्यंत. खिडकीपाशी टेबल. टेबलावर उघडा डबा, पाण्याचा पेला आणि बरणी. झाकणावरची पट्टी बारकीने जपून सोलून काढली होती आणि आरशाच्या कडेला चिकटवली होती. बापाचं अक्षर.

बारकी वळली. दारात बाप. तिला क्षणभर खरंच वाटेना, मग तिचा सगळा चेहरा उघडला, लहानपणी तो कामावरून आला की उघडायचा तसा.

"बाबा? तुम्ही स्वतः आलात?"

"खाल्लास?"

"काय?"

"मध! मध खाल्लास का?"

"हो, आत्ताच. दोन चमचे. मावशी म्हणाल्या तुम्ही औषध घातलंय, जेवायच्या आधी..." तिला खोकल्याची उबळ आली. तोंडावर हात धरून ती खोकली आणि पुन्हा हसली.

"बारके, ते विष आहे."

आता निघाला शब्द. सहज निघाला. पाऊण तासापूर्वी जो जिभेवर येत नव्हता तो असा निघाला, जणू काही किंमतच नव्हती त्याला.

बारकीचं हसू थांबलं. तिने बापाकडे पाहिलं. ते पाहणं मधवाला मरेपर्यंत विसरणार नाही. गेलीस तर परत यायचं नाही म्हणणारा बाप, दोन वर्षं न बोललेला बाप, अचानक मध पाठवतो आणि वर निरोप पाठवतो की जेवायच्या आधी घे. तिच्या डोळ्यांत हा हिशेब जुळताना त्याला दिसला.

"तुझ्यासाठी नव्हतं!" तो ओरडला. "उंदरांसाठी होतं!"

"बरण्या बदलल्या गं," आई मागून म्हणाली. तिने लेकीचा दंड धरला होता, पायात चपला सरकवत होती, आणि तेवढ्यातही तिने खोटं शिवून दिलं. "तुझ्यासाठी ठेवलेली वेगळी होती. माझ्या हातून बदलली. चल आधी, चल."

दवाखाना जवळ होता, आणि हे नशीब. डॉक्टरीणबाईंनी पाकीट दोनदा वाचलं. "किती वेळ झाला? किती खाल्लं? बरणीत किती होतं?" मधवाला सगळं नीट सांगत गेला. पूड कालवणारा तोच होता. त्याच्याइतकं नेमकं कोण सांगणार? "उंदराचं औषध, बाई, अर्धं पाकीट," तो म्हणाला तेव्हा त्यांनी मान वर केली. "विष म्हणा, काका. इथं औषध म्हटलं की घोटाळा होतो."

बारकीला आत नेलं. कोळशाचं काळं पाणी प्यायला दिलं, सुया टोचल्या, रक्त काढलं. "वेळेत आलात," डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "पण हे विष हळू चालतं. आज ती हसेल, बोलेल, तुम्हाला वाटेल बरी आहे. तसं समजू नका. दोन-तीन दिवस रक्त बघत राहावं लागेल. नाकातून, हिरड्यांतून रक्त दिसलं की लगेच हाक मारा."

चोचीतून यायचं तसं, मधवाल्याच्या मनात आलं. बायकोच्याही आलं असणार. तिने तोंड फिरवलं.

रंगारी तासाभराने आला. पापण्यांवर पांढरा रंग उडालेला, हातात तसाच ब्रश. कुणी फोन केला तेव्हा तो परांचीवर होता आणि ब्रश ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं. मधवाला उठून उभा राहिला. आता हा आपल्याला मारणार, आणि मारावं, असं त्याला वाटलं. रंगाऱ्याने फक्त विचारलं, "किती वेळ झाला?" आणि आत गेला. नंतर खिडकीवरच्या माणसाने नोंद करताना विचारलं की विष दिलं कुणी, तेव्हा मधवाल्याच्या आधी रंगारीच म्हणाला, "घरात चूक झाली. कुणी दिलं नाही." मधवाल्याने त्याचं नाव त्या दिवशी प्रथम मनातल्या मनात नीट घेतलं.

मग तीन दिवस. बाकावर एका टोकाला सासरा, एका टोकाला जावई. बायको सकाळ-संध्याकाळ कोंबड्यांना दाणे टाकायला घरी जायची आणि परत यायची. नवऱ्याशी ती बोलत नव्हती, पण डबा तिघांचा आणायची. आत बारकी खोकली की मधवाल्याचा श्वास अडकायचा. प्रत्येक उबळीनंतर तो दाराच्या फटीतून तिचा रुमाल बघायचा. रुमाल पांढरा दिसला की पुढच्या उबळीपर्यंतचा जीव मिळायचा. माश्या चावून चावून ज्याची कातडी निबर झाली होती, तो माणूस रुमालाला भ्यायला लागला. नर्सच्या हातात कागद दिसला की तो उठून उभा राहायचा. झोप लागली तर झोपेत काहीतरी होईल, म्हणून तो झोपायलाही भ्यायचा.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी कागद बघून मान हलवली. रक्त ठीक होतं. महिनाभर गोळ्या, दर आठवड्याला तपासणी, पण धोका टळला. बायको तिथेच फरशीवर बसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "कोंबड्या उपाशी असतील," आणि गेली. रंगारी गोळ्या आणायला खाली गेला. खोलीत बापलेक उरले.

मधवाला स्टुलावर बसला. धोका टळला होता, तरी तो धास्तावलेलाच होता. कारण तीन दिवस एक प्रश्न या खोलीत थांबून होता, आणि आता तो विचारायला बारकीला उसंत मिळाली होती.

"बाबा."

"बोल."

"आई म्हणाली बरण्या बदलल्या." ती छताकडे बघत होती. "मग माझी कुठली होती?"

मधाच्या खोलीत पट्टीवाल्या आणखी दोन बरण्या होत्या. कुठलीही एक सांगता आली असती. डावीकडची म्हण, मोठी म्हण, असं त्याचं मन सांगत होतं. बायकोने दोनदा खोटं शिवून दिलं होतं, त्याने फक्त एक गाठ मारायची होती. त्याने तोंड उघडलं. मग त्याला घरमालकिणीचा फोन आठवला, आपण विष हा शब्द गिळून औषध म्हणालो ते आठवलं, आणि त्याला आणखी एक गोड शब्द बोलायची भीती वाटली.

"नव्हती," तो म्हणाला. "तुझी वेगळी बरणी नव्हती, बारके. मी राखून ठेवला नव्हता. तू खोकतेस हेही मला माहीत नव्हतं. आईने सांगितलं ते तिने मनाचं सांगितलं."

बाहेर कुणीतरी बादली सरकवत फरशी पुसत होतं.

"चवीला कडू लागला होता," ती शेवटी म्हणाली. "पहिल्याच चमच्याला. थुंकणार होते. मग म्हटलं, बाबांनी घातलंय, औषध कडूच असणार. म्हणून दुसरा घेतला."